‘तुझें लक्ष कोठें होतें?’

माजिवड्याच्या नाक्यावरून घोडबंदरच्या रस्त्यास लागलें म्हणजे दोहों बाजूंस उंच इमारती दिसतात. त्यांच्या दारीं पहारेकरी असतो. कोण आला, कोणाकडे चालला, हें तो टिपून घेतो. त्या टिपणांत ज्याचें नांव कधीं येत नाहीं असा मनुष्य म्हणजे घरचा किंवा घरच्यासारखा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रही तींत होता. निम्म्याहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें, आणि छळणारांपैकीं सुमारें निम्मे मुलांच्या ओळखीचे वा विश्वासांतले होते.

पहाऱ्यास न दिसलेलें हें संकट आईस मात्र दिसावयास हवें होतें, असें आपण सारे गृहीत धरतों. प्रकार उघडकीस आला कीं तिला प्रश्न येतो, ‘तुझें लक्ष कोठें होतें?’ सासूबाई तोंडानें विचारतात, शेजारीण डोळ्यांनीं. आणि कोणीच न विचारलें तरी ती स्वतःस विचारते. वडिलांच्या वांट्यास हा प्रश्न क्वचित् येतो, कारण ते कामावर असतात. आईही कामावर असली तर तिचा अपराध दुप्पट होतो, हें वेगळें सांगावयास नको.

जें ठाऊक नव्हतें व ठाऊक होणें शक्य नव्हतें, त्याचा दोष लागत नाहीं, हें कोणासही मान्य होईल. मग ‘तुझा दोष नाहीं’ एवढ्यानें तिचें समाधान कां होत नाहीं? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालीं एका ट्रकचालकाचें उदाहरण घेतलें होतें. त्याचा कांहीं अपराध नसतां त्याच्या गाडीखालीं मूल सांपडतें. लोक त्याची समजूत घालतात, आणि तें योग्यच. पण ती समजूत त्याला फार सहज पटली तर आपल्यालाच त्याच्याविषयीं शंका येईल. आईच्या हातीं तर गाडीही नव्हती. तरी तिला जें वाटतें तें खोटें म्हणवत नाहीं. मात्र तो खेद आहे, कबुलीजबाब नव्हे. आणि आपला तो प्रश्न खेदाचाच कबुलीजबाब करून टाकतो.

याचा परिणाम आम्हांस फार गंभीर वाटतो. झोप उडते, अन्न नकोसें होतें, वेणी घालण्याचेंही त्राण राहत नाहीं. असें आठवड्यांमागून आठवडे चाललें तर तो नैराश्याचा आजार होय, आणि त्यावर उपचार आहेत. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून उभें आहे. माजिवड्याहून तें दूर नाहीं. पण तिला हा आजार वाटतच नाहीं, शिक्षा वाटते. आणि शिक्षेवर औषध कोण घेतो?

‘मुलासाठीं तरी सावर’ हा उपदेश प्रेमानेंच केला जातो. आई सावरली तर मूलही लवकर सावरतें, हें खरेंही आहे. पण त्यांत तिच्या दुःखाला स्वतःची अशी जागा उरत नाहीं. तें मुलाच्या प्रकृतीस अपायकारक म्हणून आवरावयाचें, इतकेंच.

याच ठाणे जिल्ह्यांत बदलापूरच्या एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर झालेला अत्याचार ऑगस्ट २०२४ मध्यें उघडकीस आला. २० तारखेस लोकांनीं रेल्वे रोखून धरली. उच्च न्यायालयानें स्वतःहून दखल घेऊन तक्रार नोंदविण्यांतील दिरंगाईबद्दल पोलिसांस खडसावलें. संतापास अशी रेल्वे मिळते, न्यायालय मिळतें. त्या मातांच्या मनांत काय चाललें असेल हें आम्ही सांगूं जाणार नाहीं. तो आमचा अधिकार नव्हे.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानें मुलाचा पुष्कळ विचार केला आहे. जबाब घेणारा अधिकारी गणवेषांत नसावा, शक्यतों स्त्री असावी, आणि जबाब आईवडिलांच्या किंवा मुलाच्या विश्वासांतील व्यक्तीच्या समक्ष व्हावा. तेव्हां बहुधा आईच तेथें बसते. मूल बोलत असतां तिनें मध्यें बोलूं नये, रडूं नये, अशी अपेक्षा असते. आणि घरीं परतल्यावर स्वयंपाकही तिलाच करावयाचा असतो.