देह कोणाच्या डोळ्यांनी पाहावा?

कीर्तनात देहाच्या नाशिवंतपणाचे निरूपण सुरू झाले म्हणजे पुरुष माना डोलावतात आणि बायका मान खाली घालतात. शब्द तेच, कीर्तनकार तोच. मग हा फरक का पडावा? सज्जनहो, या प्रश्नाचा आम्ही येथे थोडा विचार करणार आहोत.

पुरुषाला आपल्या देहाची आठवण बहुधा तो अडून बसला म्हणजे होते. दिवे घाट चढताना गुडघा बोलू लागला, की ‘अरे, वय झालं’ हे ध्यानात येते. तोवर देह म्हणजे घरचे औत; चालतंय तोवर त्याच्याकडे बघतो कोण? पोट सुटले तरी खात्यापित्या घरचा म्हणून त्यावर हात फिरवायला तो मोकळाच. बाईचे तसे नाही. पोर आठ-दहा वर्षांची होते न होते तोच ‘नीट बस, उन्हात जाऊ नको, काळी पडशील’ हा पाठ सुरू होतो. आपलाच देह ती बाहेर उभी राहून पाहायला शिकते. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या अमेरिकेतील दोन विदुषींनी १९९७ साली हेच शास्त्रीय रीतीने मांडले. बघणाऱ्याची नजर स्त्री हळूहळू आत घेते आणि मग स्वतःच स्वतःवर पहारा ठेवते. लाज आणि धास्ती ही त्या पहाऱ्याची किंमत, असे त्यांचे म्हणणे. सगळ्या बायका सारख्या नसतात हे खरे. हल्ली तरुण पोरेही दंडाच्या बेटकुळ्या आरशात न्याहाळतात, ते एक नवीनच खूळ! पण मूळ गोष्ट आम्हाला पटते.

येथे एखादा वेदान्ती म्हणेल, ‘महाराज, देहाला बाहेरून पाहणे हेच तर साक्षित्व!’ छे, छे. साक्षी पाहतो तो निर्लेप असतो. देह गोरा की काळा, याने त्याचे काही उणे होत नाही. या बाईच्या ठिकाणी देह दृश्य झाला खरा, पण द्रष्टा ती नव्हेच. द्रष्टी सासू, द्रष्टी शेजारीण, द्रष्टे बघायला आलेली मंडळी. आत्म्याच्या जागी परका येऊन बसला, त्याला विवेक कसे म्हणावे?

आणि आपल्या ग्रंथकारांनी तरी काय केले? पुरुषाला वैराग्य शिकवायचे, पण नासक्या देहाचा दाखला घ्यायचा तो स्त्रीच्या! भर्तृहरीचे वैराग्यशतक काढून बघा. त्याने स्वतःच्या म्हातारपणाचेही वर्णन केले आहे, नाही असे नाही. पण कवी ज्या अवयवांना गोड उपमा देतात ते नुसते मांस, असे सांगताना त्याच्यासमोर बाईच आहे. ऐकणारा पुरुष आसक्तीतून सुटत असेल. पण त्याच मंडपात बसलेल्या बाईने ते ऐकून काय घ्यावे? घरी तिचा देह पुरेसा चांगला नाही, आणि कीर्तनात तो मुळातच वाईट.

मौज अशी, की आपण सारे सावळ्या विठोबापुढे लोटांगण घालतो आणि घरी येऊन सून मात्र गोरी शोधतो. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले; २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणा गेला, लोकांच्या मनातला गेला असे दिसत नाही. गोरेपणाचा, रूपाचा एवढा हव्यास; पण मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला तेच रूप वैरी झाले. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठोबाच्या पायांशी प्राण सोडले, असे परंपरा सांगते.

संतस्त्रियांनी मात्र ही परकी नजर ओळखली होती. जनाबाई डोक्यावरचा पदर खांद्यावर आल्याची पर्वा न करता भर बाजारात जायला निघते. शिऊरच्या बहिणाबाईने आत्मचरित्रपर अभंगांत स्त्रीदेहामुळे वेद अंतरल्याची तक्रार केली, ती संकोच न धरता. आणि चोखोबांची सोयरा! विटाळ देहातच जन्मतो, त्यावाचून एकही देह जगात उपजत नाही. मग सोवळा कोण, हा तिचा सवाल. एका बाईने आपल्या देहाकडे आपल्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा सवाल सुचला. कोणा शास्त्रीबुवाला तो सुचला नसता.

आज आषाढी तोंडावर आली, की काही भगिनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेतात. रक्ताची गुठळी होण्याचा विकार असेल तर त्या गोळ्या धोक्याच्या आहेत. डॉक्टरला विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. पण गोळी खाऊन जी माउली दिंडीत चालते आणि मुक्कामी कीर्तनाला येऊन बसते, तिच्यासमोर सोयराबाईचा तो अभंग निरूपणाला घेतलेला आम्ही फार क्वचित ऐकला आहे.