हॉटेलचे बिल आणि मध्यम मार्ग

वाचकहो, पुंडलिकनगरात रविवारी रात्री सहकुटुंब जेवून हॉटेलबाहेर पडताना आपण बिल पुन्हा एकदा पाहता. दरवाढीला कारणे आहेत. व्यावसायिक सिलिंडरवर 18 टक्के जीएसटी लागतो. ग्राहकाकडून 5 टक्के घेणाऱ्या हॉटेलचालकास त्याची वजावट मिळत नाही. तो भार अखेर ताटावरच येतो.

मग मुलाबाळांचा हा आनंद उधळपट्टी समजावा काय? मुळीच नाही. कुटुंबासाठी केलेल्या खर्चाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सदका म्हटले आहे. परंतु सूरह अल-फुरकानमध्ये (आयत 67) रहमानचे दास उधळपट्टी व कंजुषी या दोन्ही टोकांपासून दूर असतात, असे सांगितले आहे. ही सीमा बिलाच्या आकड्याने ठरत नाही. लोकांना दाखवण्यासाठी मागवलेले आणि अर्धे टाकलेले अन्न स्वस्त असले तरी इस्राफच. उसनवारीची मेजवानी तर घरच्यांवरच ओझे.

खिसा परवानगी देत नसेल त्या महिन्यात आपल्या शहराचा नान-खलिया घरीच करा. रस्सा वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही प्रेषितांचीच शिकवण आहे. हॉटेलच्या टेबलावर त्या शेजाऱ्याच्या मुलांना जागा नव्हती. घरच्या पातेल्यात मात्र त्यांचाही वाटा असू शकतो.