हौस आणि नाइलाज

गेल्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होम चालू असताना मी आजीकडून शिवण शिकलो. आमच्या भाईंदरच्या घरात तिचं जुनं पायमशीन अजून खिडकीशी आहे, पण सुरुवात तिने सुई-दोऱ्यापासून करून घेतली. दीड महिन्यात एक गोधडी झाली. तिच्या तीन मऊ सुती साड्या एकावर एक टाचून कडेपासून आत धावदोरा. टाके वाकडेतिकडे. निम्मे आजीने उसवायला लावले होते.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. बदामांचा पाऊस पडला. 'मुलगा असून शिवतोस, भारी!' ताईने मात्र एकच ओळ लिहिली: 'आजीने शिवलेल्या एकाही गोधडीचा फोटो तू आजवर का नाही टाकलास?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, तशी आजी मशीनवर बसली. परकर, ब्लाउज, साडीला फॉल, पैसे नगावर. पुढे गिरणगावातली कितीतरी कुटुंबं स्वस्त घरांच्या शोधात वसई-विरारकडे, डोंबिवलीकडे सरकली, तसे आम्ही भाईंदरला आलो. मशीनही सोबत आलं. ताईला दहावीच्या सुट्टीत त्याच मशीनवर बसवलं, 'पुढे कामाला येईल' म्हणून. तेव्हा मी खाली क्रिकेट खेळत होतो.

म्हणजे काम एकच. आजीने केलं तो नाइलाज, ताईने केलं ते वळण, आणि मी केलं ती कला. कौतुक फक्त माझ्या वाट्याला आलं, कारण ते काम न करण्याची मुभा फक्त मला होती.

मग हौसेने शिकणं चूक का? आजीला विचारलं, 'तुला आवडायचं का गं शिवायला?' ती म्हणाली, 'आवडतंय की नाही ते बघायला वेळ कुठे होता? तुला आवडतंय ना, मग शिव. फक्त त्या खालच्या काकूंशी वीस रुपयांसाठी घासाघीस करत जाऊ नकोस. मला ऐकू येतं सगळं.'

खालच्या काकू फॉल-पिको आणि ऑल्टरेशन करतात. मी जीन्सची लांबी कमी करून घेताना दर वेळी भाव पाडायचो. 'एवढंसं तर काम आहे' हे माझं ठरलेलं वाक्य.

त्या आठवड्यात मी स्वतःच्या पँटला हाताने हेम घातली. पन्नास मिनिटं लागली, बोटाला दोनदा सुई टोचली. ऑफिसात पन्नास मिनिटांचे मला किती मिळतात, याचा हिशोब मनात आपोआप झाला आणि लाज वाटली. काकूंचा हात माझ्यापेक्षा दसपट जलद चालतो. पण तो वेग वर्षानुवर्षं मान मोडून कमावलेला आहे. त्याची किंमत मी कधी धरलीच नव्हती.

याच गिरणगावात घरोघरी खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या बायकांचा स्वयंपाक रोजचाच होता. बदल झाला तो एवढाच, की त्याला कुणीतरी धंदा मानलं, हिशोबात धरलं. 'माझ्या आजीच्या हाताला काय चव आहे' असं नुसतं म्हणणं सोपं असतं. त्यात द्यावं काहीच लागत नाही.

मला वाटतं, आधीच्या पिढीकडून हातातलं काम शिकण्याचा खरा उपयोग इथे आहे. ते एकदा स्वतः केलं, की दुसऱ्याच्या हातचं तेच काम 'एवढंसं' म्हणता येत नाही. आणि तरीही म्हणत राहिलो, तर आपण फक्त टाका शिकलो.

आता काकू सांगतात तेवढे पैसे देतो. यात मोठेपणा काही नाही, उशीरच झाला. आजीच्या गोधड्यांचे फोटो काढायला घेतले, तर ती म्हणाली, 'फोटो नंतर काढ. आधी सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही.'

दोरा ओवून दिला.