सुधारणा म्हणजे वाढ नव्हे

'सुधारणा' हा शब्द आपल्या कानाला मोठा गोड लागतो. घराची सुधारणा, शाळेची सुधारणा, सणसमारंभांची सुधारणा असे आपण सहज बोलून जातो. परंतु या शब्दाच्या पोटात शिरून पाहिले तर बहुधा तेथे एकच अर्थ दडलेला आढळतो, तो म्हणजे वाढ. घर सुधारले म्हणजे मजला वाढला. लग्न सुधारले म्हणजे पंगतीतले पदार्थ वाढले. परंतु एखादी गोष्ट वाढली म्हणून ती चांगली झाली, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. शेजाऱ्यांच्या संगतीने त्याला घरी बिअर तयार करण्याचा छंद लागला. 'डार्क माइल्ड' नावाची काळसर बिअर करण्याच्या आपल्या खटाटोपाचे सविस्तर वर्णन करून, हा छंद ख्रिस्ती गृहस्थाला शोभतो काय, असे त्याने आम्हाला पत्रातून विचारले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी १८८० पासून परवाना लागत असे. १९६३ साली ते बंधन उठले आणि आता स्वतःच्या घरापुरती, विक्रीसाठी नव्हे अशी बिअर तेथे कोणीही करू शकतो. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू असून परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख म्हणजे कोणालाही दिलेले निमंत्रण नव्हे. बिअर तिकडचीच राहू द्यावी. तिच्यातला धडा तेवढा आपण इकडे आणू.

'माइल्ड' म्हणजे सौम्य. पूर्वी या शब्दाचा अर्थ 'ताजी, न मुरवलेली बिअर' एवढाच होता आणि ती चांगली कडकही असे. पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनंतर तिची तीव्रता उतरली आणि आज साधारणतः तीन ते साडेतीन टक्के मद्यार्काची काळसर, कमी कडू बिअर या नावाने ओळखली जाते. इंग्लंडच्या मध्यभागातील खाणकामगार आणि ओतशाळांतील मजूर दिवसभर घाम गाळून संध्याकाळी हीच बिअर पीत. तहान भागावी, चार माणसांत बसता यावे आणि तरीही आपल्या पायांनी घरी जाता यावे, हे तिचे प्रयोजन. १९६० च्या दशकात अधिक कडू बिअरने तिला मागे टाकले. तरी त्या भागात तिचे चाहते अद्याप आहेत.

आता घरगुती संचाचा विचार करू. जवाला मोड आणून ते भट्टीत वाळवले की माल्ट तयार होते. या माल्टचा काकवीसारखा दाट पाक, त्यात हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा मिसळून, डब्यात भरलेला असतो. सोबत यीस्टची पुडी असते. डबा साधारण दीड ते पावणेदोन किलोचा. त्यात एक किलो साखर घालावी, पाणी ओतून तेवीस लिटर करावे आणि आंबू द्यावे, असे सूचनापत्रक सांगते. अशी बिअर चार टक्क्यांच्या आसपास जाते. पण साखर आंबून जवळजवळ सगळीच मद्यार्कात आणि वायूत जाते. मागे चव उरत नाही, अंग उरत नाही. बिअर चढते, पण पातळ लागते.

नवशिका येथेच चुकतो. बिअर फिकी लागली की तो आणखी साखर घालतो. ती कडक होते, पण चांगली होत नाही. जाणकार मात्र साखर काढून घेतो आणि तिच्या जागी सहाशे-सातशे ग्रॅम कोरड्या माल्टची पूड घालतो. माल्टमधील काही भाग आंबत नाही. तोच बिअरला भरीवपणा देतो. थोडे खरपूस भाजलेले माल्ट गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून, ते पाणी उकळून घातले की रंग आणि वास खुलतो. हॉपचा मारा तो करीत नाही, कारण सौम्यपणा हाच या बिअरचा धर्म आहे.

संच निवडतानाही तो हीच दृष्टी ठेवतो. झाकणावरील आकर्षक चित्रापेक्षा तो तारीख पाहतो, कारण जुना पाक शिळा लागतो. शक्य तर साखरेची गरजच न ठेवणारा, दोन डब्यांचा संच घेतो. भांडी निर्जंतुक करतो, नळाच्या पाण्यातील क्लोरिन घालवतो आणि अठरा ते वीस अंशांवर बिअर धीराने आंबू देतो. एवढे सारे करून जी बिअर हाती येते, ती तीन टक्क्यांच्या आसपासची असते. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. सुधारलेली बिअर मूळ सूचनेतल्या बिअरपेक्षा सौम्य आहे! सुधारणा झाली, आणि आकडा मात्र उतरला.

याचे कारण तत्त्वज्ञानात जुनेच आहे. ॲरिस्टॉटलने शिकवले की वस्तूचे चांगलेपण तिच्या प्रयोजनावरून ठरते. सुरी धारेने चांगली ठरते, वजनाने नव्हे. तेव्हा सुधारायचे असेल तर 'किती?' हा प्रश्न नंतरचा, 'कशासाठी?' हा पहिला.

परंतु उलट टोकही टाळले पाहिजे. नुसती साखर काढली आणि तिच्या जागी काहीच घातले नाही, तर जी उरते ती सौम्य बिअर नव्हे, ते पाणचट पेय होय. शिवाय सौम्यपणा निव्वळ आकड्यात नसतो; सेजली गावच्या सारा ह्यूज मद्यशाळेची 'डार्क रूबी' सहा टक्क्यांची असूनही माइल्डच म्हणवली जाते. उणे करणे हा सद्गुण नव्हे. उण्याच्या जागी योग्य ते भरणे हा सद्गुण.

कोणी म्हणेल, मद्यामुळे घरे उद्ध्वस्त झालेली आम्ही पाहिली आहेत, फादर. आणि आपण त्याच्या चवीची चर्चा करता? हा आक्षेप रास्त आहे. मद्य स्वभावतः निषिद्ध नाही; रोमन विधिग्रंथात बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी हेही स्पष्ट केले की ज्याला मद्य सहज बाधते त्याला, ज्याने ते सोडण्याचे व्रत घेतले आहे त्याला, प्रमाण ओलांडून पिणाऱ्याला आणि ज्याच्या पिण्याने दुसऱ्याचे पाऊल घसरते त्याला ते वर्ज्य ठरते. व्यसनाधीन माणसाला सौम्य बिअरही सौम्य नसते. त्याला संपूर्ण त्यागाचा एकच दरवाजा उघडा आहे.

आणि नेमक्या त्या दरवाजापाशी हा धडा आपल्या उपयोगी पडतो. दारू सोडलेल्या माणसाचे आपण कौतुक करतो आणि त्याला त्याच्या रिकाम्या संध्याकाळीपाशी एकटा सोडून देतो. तो पूर्वी जेथे बसत असे तेथे त्याला संगत होती, हसणे होते, कोणीतरी नावाने हाक मारीत होते. ते सारे आपण एका झटक्यात काढून घेतले. बदल्यात काय दिले? साखर काढली, पण माल्ट घातले नाही. मग तो परत त्याच वाटेला लागला की आपण त्याच्या दुबळ्या मनाला दोष देतो. त्याच्या संध्याकाळीत बसायला जाणे, त्याला घरी जेवायला बोलावणे, त्याच्यावर एखादे काम विश्वासाने सोपवणे, ही त्याच्या कुटुंबाइतकीच धर्मग्रामाचीही जबाबदारी आहे.

हीच कसोटी आपल्या इतर सुधारणांनाही लावावी. लग्नसमारंभाचे प्रयोजन दोन घरे एक व्हावीत हे; कर्ज काढून मद्याचे टेबल लांबवल्याने ती घरे जवळ येतात काय? शिक्षणाचे प्रयोजन मूल विचारी व्हावे हे. आणखी एका शिकवणीने ते विचारी होते, की नुसते थकते? चर्चच्या इमारतीलाही हा प्रश्न चुकत नाही, आणि तो विचारण्याचे धैर्य आम्हा धर्मगुरूंनी प्रथम दाखवले पाहिजे.

पुढच्या वेळी घरात एखाद्या सुधारणेची गोष्ट निघेल, तेव्हा खर्चाचा कागद हाती घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे: ही गोष्ट मुळात कशासाठी आहे, तिच्यातून काय काढायचे आणि त्या जागी काय घालायचे. उत्तर मिळाले की कदाचित मजला वाढणार नाही, पंगत लांबणार नाही. पण जे आहे ते आपल्या प्रयोजनाला पुरे पडेल.