उपास आणि उपासमार

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आम्ही मुलांबाळांसह मोटारीनें जालन्याहून अंबडकडे चाललों होतों. दोहों बाजूंस मोसंबीच्या बागा व कापसाचीं शेतें होतीं. वाटेंत कापसानें भरलेली एक बैलगाडी पुढें आली, म्हणून आमची मोटार मंद झाली. तेव्हां आमच्या मुलानें विचारिलें, "बाबा, अमेरिकेंत कांहीं ख्रिस्ती शेतकरी मोटार न घेतां घोडागाडी वापरतात, आणि त्यांना पाहावयास लोक दुरून येतात. मग आपल्या या गाडीवानाला पाहावयास कोणीच कां येत नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन देतां आलें नाहीं.

तो ज्यांविषयीं बोलत होता, त्यांस आमिश म्हणतात. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड व आल्सास या भागांत याकोब आमान याच्या मागें जी मंडळी वेगळी झाली, तिचे हे वंशज. अठराव्या शतकांत ते अमेरिकेस जाऊं लागले. पेनसिल्व्हेनियांतील लँकेस्टर जिल्ह्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. ते मोटार बाळगीत नाहींत. मात्र गरज पडल्यास दुसऱ्याच्या मोटारींत बसतात. पुष्कळ जण टेलिफोन घरांत न ठेवितां बाहेर खोपटांत ठेवितात. यंत्र हें पाप आहे असें त्यांचें म्हणणें नाहीं. घरोघर मोटार आली तर शेजारी शेजाऱ्यापासून दूर जाईल, ही त्यांची भीति. कोणती वस्तु घ्यावी व कोणती नको, हें एकटा मनुष्य नव्हे तर मंडळी ठरविते. एखाद्याचें कोठार जळालें, तर सारे मिळून तें पुन्हां उभें करितात.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. उपास करणारा आणि उपासमार सोसणारा, दोघांचेंही पोट रिकामेंच असतें. परंतु पहिल्याच्या घरीं कणगी भरलेली असते, व दुसऱ्याच्या घरीं चूलच पेटलेली नसते. ज्याला मिळालेंच नाहीं, त्यानें तें सोडिलें असें कसें म्हणावें? आमिश शेतकऱ्याचा तो उपास आहे. आमच्या गाडीवानापाशीं दुसरें साधन नसेल, तर त्याच्या बैलगाडीस साधेपणा म्हणून नांवाजणें ही त्याची थट्टाच होय.

हें आपल्या वडिलांस ठाऊक होतें. १८४३ सालीं बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं पुढें जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. त्यासाठीं हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनीं जमीन दिली. ज्यांस गांवच्या विहिरीला शिवण्याची बंदी होती, त्यांस तेथें घर व शेत मिळालें. त्या लोकांस जर कोणी म्हटलें असतें कीं, तुमचें दारिद्र्य किती सुंदर आहे, तसेंच राहा, तर तो त्यांचा मित्र ठरला नसता.

परंतु येथेंच थांबतां येत नाहीं. ज्या दिवशीं कणगी भरते, त्या दिवशीं उपासाचा प्रश्न आपलाही होतो. त्या मोटारींत आम्ही चौघे होतों, आणि बैलगाडी येईपर्यंत प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्यें डोकें घालून बसला होता. गांवोगांव लग्नासाठीं कर्ज काढून मांडव सजतात, आणि तें फेडतांना शेत जातें. तेथें कोणाची सक्ती असते? शेजाऱ्यानें केलें, एवढेंच.

आमिश लोकांचें सर्वच अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचीं मुलें आठव्या इयत्तेनंतर शाळा सोडितात. तशी मुभा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं दिली. ज्या समाजासाठीं अक्षरओळखीनेंच दार उघडलें, त्यानें हें कधींही घेऊं नये. त्यांचा प्रश्न मात्र घ्यावा: ही वस्तु घरांत आली तर आम्ही एकमेकांच्या जवळ येऊं कीं दूर जाऊं?

तर बंधुभगिनींनो, पुढच्या लग्नाची बोलणीं होतील, तेव्हां सावकाराकडे जाण्यापूर्वीं मंडळींतील चार जाणत्यांस घरीं बोलवा व हा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवा. एकट्यानें हात आखडला तर लोक त्याला कंजूष म्हणतात. साऱ्या मंडळीनें मिळून आखडला, तर गरिबाची लाज राहते.