आपल्या मंगल परिणयाचा मांडव आपल्याच हातांनी



आपल्या घरात नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत. देव्हारा काढून त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली आहे. आता मुलामुलीचे लग्न ठरले की घरात पहिला प्रश्न उभा राहतो : बौद्ध पद्धतीने लग्न करायचे म्हणजे नेमके काय करायचे? बहुतेक घरी त्याचे उत्तर एवढेच दिले जाते की, भटजीऐवजी बौद्धाचार्य बोलवायचे. बाकी सारे जसेच्या तसे. तोच हॉल, तीच वाजंत्री, तेच मानपान आणि तेच कर्ज. मंत्र बदलला, पण ओझे बदलले नाही. धर्मांतर ओझे उतरवण्यासाठी असते. म्हणून या लेखात मी लग्नाच्या विधीविषयी थोडे आणि लग्नाच्या तयारीविषयी अधिक लिहिणार आहे. माझे सांगणे एवढेच आहे की, आपल्या लग्नाची सजावट आणि आपल्या लग्नाचा फराळ वधूवरांनी व दोन्ही घरांनी मिळून स्वतःच्या हातांनी करावा. यात पैसे वाचतात हे खरे, परंतु पैशापेक्षा मोठी गोष्ट त्यात आहे.

प्रथम विधी पाहू. महापरिनिर्वाणापूर्वी लिहिलेल्या एका पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहविधी किती साधा आहे ते सांगितले आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये एका पाटावर नवे मातीचे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचे, सुताचा धागा त्या पाण्यात सोडून त्याचे एकेक टोक दोघांनी हातात धरायचे, दोघांनी पांढरी वस्त्रे नेसायची आणि कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. एक मडके, एक धागा, दोन माणसे! याला किती खर्च येतो? कुंभाराच्या एका मडक्याएवढा. मग लाखांचा खर्च येतो कोठून? तो विधीचा नसतो. तो लोक काय म्हणतील या भीतीचा असतो.

या मंगलसुत्ताचा अर्थही आपण नीट ऐकला पाहिजे. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांना विचारले गेले की खरे मंगल कोणते. भगवंतांनी अडतीस मंगले सांगितली. त्यांत मुहूर्त नाही, नक्षत्र नाही, दिशा नाही. मातापित्यांची सेवा आहे, पत्नी व मुलांचा सांभाळ आहे, गोंधळ न घालता नीट केलेले काम आहे; आणि त्यांत एक शब्द आहे, ‘सिप्प’. सिप्प म्हणजे शिल्प, हाताची कला, कसब. विद्वत्तेच्या जोडीला भगवंतांनी हाताच्या कसबाला मंगल म्हटले आहे. ज्या देशात हाताने काम करणारा हलका ठरला आणि काम न करणारा श्रेष्ठ ठरला, त्या देशात हा केवढा मोठा विचार आहे! लग्नात हे सुत्त म्हटले जाते त्याच मांडवात वधूवरांच्या हातचे काही असावे, ही गोष्ट मला म्हणूनच अत्यंत उचित वाटते.

आपण कोणत्याही जातीतून आलो असू, आपल्या वाडवडिलांचे हात कसबी होते. कोणी दोर वळले, कोणी टोपल्या विणल्या, कोणी सरपण फोडून वाहिले, कोणी वाजंत्री वाजवली. गावातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव त्यांच्या श्रमावर उभा राहिला. पण त्या मांडवात त्यांना पंगत नव्हती. पंगत उठल्यावरचे उष्टे त्यांच्या पदरात पडत होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे व मृतमांस सोडण्यास सांगितले, ते याच लाजिरवाण्या जिण्यातून बाहेर काढण्यासाठी. हाताचे काम वाईट नव्हते. ते वेठीचे होते, हक्काविना होते, म्हणून वाईट होते. तेच हात आज स्वतःच्या मुलीच्या मांडवासाठी, स्वतःच्या इच्छेने कामाला लागतात तेव्हा ती वेठ राहत नाही. ‘आता आम्ही हाताने काम करायचे नाही, पैसे टाकून करून घ्यायचे’ असे काहींना वाटते. त्यामागची जखम मी समजू शकतो. परंतु काम टाकल्याने प्रतिष्ठा येत नसते. कामावरची सक्ती गेली की प्रतिष्ठा येते.

आता खर्चाचा विचार करू. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. तो भगवंतांना म्हणाला की, आम्ही संसारी माणसे. मुलाबाळांत राहतो, चंदन लावतो, फुलांच्या माळा घालतो, सोनेचांदी बाळगतो. आम्हाला झेपेल असा धम्म सांगा. भगवंतांनी त्याला माळा टाकून दे असे म्हटले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : कामात तत्परता व कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि समजीविका. समजीविका म्हणजे मिळकत व खर्च यांचा तोल. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या खर्चाचे कळले पाहिजे. थोडी मिळकत असून मोठा डौल करणाऱ्याला भगवंतांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. चार फळे खाण्यासाठी सारे झाड हलवून उरलेली फळे मातीत घालवणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा असतात, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. जाण्याच्या वाटांत दारू आहे, जुगार आहे, वाईट संगत आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे काय चालते, हे मी वेगळे सांगायला नको. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती लग्नाच्या रात्री सुट्टीवर जात नाही.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांतले एक ‘अनणसुख’, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख. हे सुख काय असते हे मी शाळेत पाहतो, कारण ते नसलेली मुले माझ्या वर्गात बसतात. गेल्या काही वर्षांत एक हुशार मुलगा दिवाळीनंतर वर्गात आला नाही. बहिणीच्या लग्नासाठी बापाने मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फेडायला सारे घर ऊसतोडीला गेले. बहिणीच्या लग्नात कमान होती, बँड होता, चारशे माणसांचे जेवण होते. त्या एका दिवसाचे बिल त्या मुलाच्या शाळेने भरले. बंधूंनो, बाबासाहेबांनी आपल्याला आधी ‘शिका’ म्हणून सांगितले. लग्नासाठी मुलाची शाळा सुटत असेल तर त्या लग्नात कितीही वेळा जय भीम म्हटले तरी ते बाबासाहेबांपर्यंत पोहोचणार नाही.

साधे लग्न ही गरिबाची लाचारी आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या इतिहासात आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पहिला विवाह लावला, तो भटजीविना आणि अगदी थोडक्या खर्चात. बाबासाहेबांचा व माता रमाईंचा विवाह मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री झाला. ओट्यांचे दगड हीच पाहुण्यांची बाके होती. आणि १५ एप्रिल १९४८ रोजी, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेबांनी दिल्लीत आपल्या घरी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तेव्हा त्यांना काय कमी होते? परिस्थिती नव्हती तेव्हाही साधेपणा आणि सत्ता होती तेव्हाही साधेपणा, यालाच तत्त्व म्हणतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

लग्नाच्या तीन आठवडे आधी दोन्ही घरांची मुले एकत्र बसवा. पतंगी कागद आणा : निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी. हे आपल्या धम्मध्वजाचे रंग. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकला आणि १९५० साली जगातील बौद्धांच्या परिषदेने तो स्वीकारला. कागदाच्या पताका कापून त्याच क्रमाने सुतळीवर चिकटवा. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ पुरते. काम करता करता मुलांना त्या रंगांचा अर्थ सांगा. अशा एका दुपारी ती ध्वजाविषयी जे शिकतील ते त्यांना जन्मभर पुरेल. पिंपळाची गळलेली पाने गोळा करा. झाडाची तोडू नका. ती दोन-तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवली आणि मऊ ब्रशाने हलकेच घासली की गर निघून जाळी उरते. वाळवून ती पांढऱ्या कापडावर लावली म्हणजे तथागतांच्या प्रतिमेमागे सुंदर पडदा होतो. आठ आऱ्यांचे धम्मचक्र रांगोळीने काढा, पण वाटेत नको, प्रतिमेसमोर काढा. पायाखाली येऊ देऊ नका.

आंब्याची डहाळी लावावी का, हळद लावावी का, असे भगिनी विचारतात. एक कसोटी लक्षात ठेवा. वस्तू नुसती शोभेची असेल तर ती निसर्गाची आहे, कोणा देवाची मालकी तिच्यावर नाही. पण तिच्यासाठी कोणापुढे हात जोडावे लागत असतील, किंवा ती केली नाही तर अशुभ होईल अशी भीती मनात येत असेल, तर ती सोडा. पान चालेल, देवक चालणार नाही. अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या पुष्कळ झाल्या. तांदूळ पायदळी पडण्यापेक्षा पातेल्यात शिजलेला बरा.

फराळाचे म्हणाल तर बेसनाचे लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा, एवढे पुरे. एक किलो बेसनाला अर्धा किलो तूप आणि साधारण तेवढ्याच बेसनाइतकी पिठीसाखर घेतली तर मध्यम आकाराचे साठेक लाडू होतात. बेसन मंद आचेवर बदामी होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजा. घाई केली तर कच्चट लागते. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच घाला. कोरड्या हातांनी वळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर आठ दिवस सहज टिकतात. चिवडा चार दिवस आधी करा. खीर मात्र त्याच दिवशी करा. दुधाचा पदार्थ शिळा नको. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली आणि त्यानंतर त्याला संबोधी प्राप्त झाली, ही कथा जेवणाच्या आधी कोणी मोठ्या माणसाने दोन मिनिटांत सांगावी.

पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. हे सारे काम जर फक्त घरातल्या बायकांवर पडणार असेल तर ते करूच नका. ती नवी वेठ होईल. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगताना भगवंतांनी पहिले सांगितले ते पत्नीचा सन्मान. म्हणून नवरदेवाने कढईपाशी बसावे, बेसन भाजावे, लाडू वळावे. नवरीने पताका कापाव्यात, मडके रंगवावे. वरपक्षाची माणसे दोन दिवस आधी मुलीच्या घरी यावीत ती मान घ्यायला नव्हे, मांडव बांधायला. आपल्याकडे मुलीचा बाप वाकतो आणि मुलाचा बाप ताठ बसतो. जातीची उतरंड आपण मोडायला निघालो आणि मांडवात दोन पक्षांची उतरंड ठेवली, तर समतेची प्रतिज्ञा अर्धीच राहिली. हुंडा तर १९६१ पासून कायद्यानेच गुन्हा आहे. मानपान हे त्याच हुंड्याचे धाकटे भावंड आहे. दोन्ही व्याह्यांच्या हाताला एकाच परातीतले बेसन लागले की मान कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्नच उरत नाही.

लग्न ठरले की पहिल्या बैठकीत वही काढा. एका पानावर हातात असलेला पैसा लिहा, दुसऱ्या पानावर कोण काय करणार ते लिहा. पहिल्या पानाबाहेर खर्च नको. दुसऱ्या पानावर दोन्ही घरांतल्या पुरुषांची, स्त्रियांची, पोरांची सर्वांची नावे असावीत. जो पैसा उरेल तो नवदांपत्याच्या नावाने बँकेत ठेवा, किंवा वधूचे शिक्षण राहिले असेल तर त्यासाठी ठेवा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवताना दारात कोणी देणेकरी उभा नसेल, पोरे दप्तर घेऊन शाळेत जातील, आणि सुनेला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल की या घरात नवराही कढईपाशी बसतो. भगवंतांनी सांगितलेले मंगल याहून वेगळे ते काय असणार?

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जय भीम.