नियत आणि दिखावा

अमरावती असो की अकोला, आमच्या मोहल्ल्यांतील मुली आता मोबाइलवरून शिकवण्या घेतात, शिवलेले कपडे विकतात. मुलाचे व्हिडिओ हजारोंनी पाहिले, तर आम्ही म्हणतो, ‘नाव काढलं.’ मुलीचे पाहिले, तर म्हणतो, ‘लोक काय म्हणतील?’

धर्माच्या नावाने तिला अडवावे, तर समोर हजरत खदीजा येतात. त्या मक्केतील नामांकित व्यापारी होत्या. शामला माल पाठवताना त्यांनी माणूस निवडला तो सचोटी पाहून. म्हणजे प्रश्न बाईच्या कमाईचा नाही, नियत काय आहे याचा आहे. ‘रिया’ म्हणजे दिखावा इस्लामने वाईट मानला, पण तो स्त्री-पुरुष दोघांसाठी. पाहणारे वाढावेत म्हणून खोटे बोलणे, खराब माल चांगला म्हणून खपवणे, हा खरा गुन्हा.

2025 मध्ये यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत देशात 142वी आली. तिचा फोटो आम्ही अभिमानाने एकमेकांना पाठवला. पण तिच्यामागे घर उभे होते, हे मात्र विसरलो. आपल्या मुलीमागे आम्ही तसे उभे आहोत काय?

अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. म्हणून लोक त्यांचे ऐकत. आधी काम, मग बोलणे, हा क्रम मुलींना शिकवू या. त्यानंतर त्यांचा आवाज कितीही दूर जावो, आम्हाला भीती का वाटावी?